पी२८ ईसीयूला चिप बसवली आणि चेक इंजिनचा दिवा विझेना: दोष कुठून शोधायचा

चावी ऑन केली की चेक इंजिनचा दिवा लागतो. दोन सेकंदांनी तो विझायला हवा, पण विझत नाही. गाडी सुरू होते, मात्र रेस दिली की तीन हजारांच्या आसपास अडखळते, व्हीटेक (जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची रचना) लागत नाही, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो. बिघाडाचा कोड वाचायला गेलं तर दिवा लुकलुकत नाही, एकसारखा जळत राहतो. १९९२ ते १९९५ च्या अमेरिकी होंडा सिव्हिकमधला पी२८ ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, उघडून त्यात बदललेल्या प्रोग्रॅमची चिप बसवली की हे दुखणं हमखास पाहायला मिळतं. कधी ते पहिल्याच दिवशी दिसतं, कधी दोन महिने नीट चालल्यावर अचानक उगवतं.

अशा वेळी बहुतेक जण लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम बदलत बसतात. दुसरी फाइल, तिसरी फाइल, कुणाकडून तरी मागून आणलेली चौथी फाइल. बहुतेक वेळा प्रोग्रॅम निर्दोष असतो, ईसीयू तो वाचतच नसतो. म्हणून शोध उलट्या दिशेने करायचा: आधी वीज, मग बोर्ड, मग चिप आणि सगळ्यात शेवटी प्रोग्रॅम.

कोणत्या गाडीबद्दल बोलतोय ते आधी पक्कं करू. पी२८ हा पाचव्या पिढीच्या सिव्हिकच्या ईएक्स आणि एसआय या मॉडेलांमधला ईसीयू. इंजिन डी१६झेड६, १,५९० सीसी, १२५ हॉर्सपॉवर. भारतात सिव्हिक आली ती २००६ साली, थेट आठव्या पिढीची. तिच्या ईसीयूत चिप लावायचा प्रकार नाही, त्यामुळे पुढचं काही तिला लागू करू नका. पाचव्या पिढीची सिव्हिक अमेरिकेत घेतलेल्या आणि स्वतः हात काळे करायची तयारी असलेल्यांसाठी हे आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या प्रदूषण नियंत्रणात फेरफार करायला अमेरिकेचा केंद्रीय कायदा मनाई करतो, आणि कॅलिफोर्नियाची तपासणी तर फारच कडक असते. चिपवाला ईसीयू ट्रॅकच्या गाडीत ठेवा आणि मूळ ईसीयू कपाटात जपून ठेवा.

दिवा नेमकं काय सांगतो

सर्व्हिस चेक कनेक्टर हा दोन पिनांचा निळा कपलर प्रवासी बाजूला, ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. त्याच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडा आणि चावी ऑन करा. लांब लुकलुक म्हणजे दशक, छोटी म्हणजे एकक. दोन लांब आणि एक छोटी दिसली तर कोड २१. चिप बसवलेल्या ईसीयूत चार प्रकार दिसतात आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे.

पहिला प्रकार: दिवा दोन सेकंदांत विझतो, गाडी मूळ गाडीसारखी झकास चालते, पण चिपमधल्या बदलांचा मागमूस नाही. आरपीएमची मर्यादा वाढवली होती, तरी गाडी जुन्याच जागी कट मारते. याचा अर्थ ईसीयू चिपकडे ढुंकूनही पाहत नाही. बोर्डावरचा जे१ जम्पर (ईसीयूला बाहेरची चिप वाचायला लावणारा तारेचा तुकडा) जोडलेला नाही किंवा त्याचा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटलाय. इतर काही शोधू नका.

दुसरा: दिवा एकसारखा जळतो आणि गाडी लंगडत चालते. ईसीयू चिप वाचायला गेला आणि अडकला. या लिखाणाचा मुख्य रोख याच प्रकारावर आहे.

तिसरा: दिवा जळतो आणि कनेक्टर जोडल्यावर आकडा लुकलुकतो. ईसीयू शुद्धीवर आहे, चिप वाचतोय, तक्रार वेगळ्या गोष्टीची आहे. तुम्ही थेट "दिवा लुकलुकतो तेव्हा" या भागाकडे जा.

चौथा: चावी ऑन केल्यावर दिवा लागतच नाही. ईसीयूला वीज पोचत नाही, किंवा बल्ब गेलाय. हा प्रश्न चिपचा नाही.

एक हास्यास्पद पण नेहमी घडणारी चूक: कोड वाचून झाल्यावर तारेचा तुकडा कनेक्टरमध्येच राहतो आणि दिवा जळत राहतो. तो आधी काढा. मग ईसीयूचे तिन्ही कपलर सोडवून चावी ऑन करा. ईसीयू ए१३ ही पिन अर्थ करून दिवा लावतो. कपलर सुटे असतानाही दिवा जळत असेल तर ए१३ ची तार कुठेतरी बॉडीला चिकटली आहे, ईसीयू बिचारा निर्दोष आहे. तसंच कपलर परत जोडून, चावी ऑन ठेवून डी४ वर व्होल्टेज मोजा. तिथे सुमारे ५ व्होल्ट हवेत. शून्य दिसलं तर सर्व्हिस कनेक्टरची तार अर्थ झालीय.

वीज आणि अर्थ

ईसीयू प्रवाशाच्या पायाजवळ, साइडच्या पॅनेलमागे असतो. बोर्डाला हात लावण्याआधी दहा मिनिटं इथे घालवा. मल्टिमीटरची टोकं कपलरच्या मागून तारेला टेकवायची, पुढून पिनेत खुपसायची नाहीत. खुपसली की पिन सैल होते आणि नवीनच दोष जन्माला येतो.

चावी ऑन असताना ए२५ आणि बी१ या पिवळ्या-काळ्या तारांवर बॅटरीइतकं व्होल्टेज हवं. डी१ वर चावी बंद असतानाही हवं. ती ईसीयूच्या आठवणीची तार आहे. सेल्फ मारताना ए२५ वरचं व्होल्टेज ९.५ च्या खाली गेलं तर बॅटरी किंवा तिच्या वायरी आधी बघा.

अर्थाच्या तारा चार: ए२३ आणि ए२४ काळ्या, ए२६ आणि बी२ तपकिरी-काळ्या. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं या प्रत्येक पिनेवर ठेवून इंजिन चालू असताना मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. या सगळ्या तारा इंजिनावर थर्मोस्टॅटच्या घरापाशी एका बोल्टखाली येतात. रेडिएटरचा पाइप किंवा थर्मोस्टॅट बदलताना तो बोल्ट सोडला जातो आणि परत लावताना रंगावर किंवा गंजावर तसाच आवळला जातो. बोल्ट काढा, बैठक आणि तारेची चकती दोन्ही पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, मग आवळा. ईसीयू बदलून बदलून थकलेल्या किती गाड्या या एका बोल्टने बऱ्या होतात!

आता ५ व्होल्ट. ईसीयू स्वतः ५ व्होल्ट तयार करून डी१९ वरून मॅप सेन्सरला (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) आणि डी२० वरून थ्रॉटल सेन्सरला देतो. दोन्ही ठिकाणी ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान वाचन यायला हवं. ते दोन-तीन व्होल्टवर लोळत असेल तर सेन्सरांचे कपलर एकेक करून काढत जा. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले तर तो सेन्सर किंवा त्याची तार आतून शॉर्ट आहे. सगळे काढूनही आले नाहीत तर ईसीयूतला रेग्युलेटर, किंवा तुम्ही सोल्डर करताना बोर्डावरच्या दोन वाटांमध्ये (तांब्याच्या रेषांमध्ये) घातलेला पूल.

ईसीयूला आणि पेट्रोल पंपाला वीज देणाऱ्या मेन रिलेबद्दलही इथेच. गरम गाडी थांबवली, दहा मिनिटांनी सेल्फ मारला, इंजिन फिरतं पण सुरू होत नाही, दिवा मात्र नियमाप्रमाणे लागून विझतो आणि मागून पंपाचा दोन सेकंदांचा घूं आवाज येत नाही. हे चिपचं काम नाही. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला डॅशखाली असलेल्या मेन रिलेच्या आतल्या डागांना तडे जातात. रिले उघडून मोठ्या पिनांचे सगळे डाग नव्याने द्या. पण चिप नवीन असली की दोष तिच्याच माथी मारला जातो.

बोर्डावर

ईसीयूत ओकी कंपनीचा ६६२०७ मालिकेतला प्रोसेसर आहे आणि कारखान्याचा प्रोग्रॅम त्याच्या पोटातच आहे. बाहेरच्या चिपसाठी बोर्डावर जागा रिकामी सोडलेली असते. तिथे हे सामान लागतं: ०.६ इंच रुंदीचं २८ पिनांचं सॉकेट, ७४एचसी३७३ ही २० पिनांची लॅच आयसी, सी५१ आणि सी५२ च्या जागी ०.१ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर, आर५४ च्या जागी १ किलोओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर आणि जे१ च्या जागी तारेचा तुकडा. जे१ जोडला की प्रोसेसर पोटातला प्रोग्रॅम सोडून बाहेरचा वाचायला लागतो. म्हणजे जे१ जोडलाय आणि सॉकेट रिकामं आहे अशा ईसीयूत दिवा जळत राहणारच. तो दोष नाही.

लॅच कशाला लागते ते समजलं की अर्धी तपासणी आपोआप सुचते. प्रोसेसरच्या आठ पिना दुहेरी काम करतात. क्षणभर त्यांच्यावर पत्त्याचे खालचे आठ बिट असतात आणि पुढच्या क्षणी त्याच पिनांवरून चिपमधली माहिती परत येते. ७४एचसी३७३ तो पत्ता धरून ठेवते. त्यामुळे आठांपैकी एक जरी वाट तुटली किंवा शेजारच्या वाटेला चिकटली, तरी प्रोसेसर चुकीच्या पानावरचं वाचतो आणि कोलमडतो. मग एक वेगळं बॅकअप सर्किट ताबा घेतं आणि ठरावीक पेट्रोल, ठरावीक टायमिंग देऊन गाडी कशीबशी चालू ठेवतं. लंगडी चाल येते ती इथून.

तपासणी अशी करा. ईसीयू गाडीतून काढलेला, चिप सॉकेटमधून काढलेली, मीटर बीपवर.

७४एचसी३७३ च्या पिना ३, ४, ७, ८, १३, १४, १७, १८ या आत येणाऱ्या. यातली प्रत्येक पिन सॉकेटच्या ११, १२, १३, १५, १६, १७, १८, १९ यांपैकी नेमक्या एका पिनेशी बीप द्यायला हवी. मग २, ५, ६, ९, १२, १५, १६, १९ या बाहेर जाणाऱ्या पिना. यातली प्रत्येक सॉकेटच्या ३ ते १० पैकी नेमक्या एका पिनेशी. सोळा बीप मोजा. बीप आला नाही तर वाट तुटली, एकाच पिनेला दोन ठिकाणी आला तर सोल्डरचा पूल झालाय.

नंतर सॉकेटच्या शेजारच्या पिना एकमेकींशी तपासा. मग ईसीयू गाडीला जोडून, चिपशिवाय, चावी ऑन करा: सॉकेटची पिन २८ वर ५ व्होल्ट, पिन १४ वर शून्य, पिन १ वर ५ व्होल्ट. लॅचच्या २० वर ५ आणि १० वर शून्य. लॉजिक प्रोब असेल तर चिप लावून लॅचची पिन ११ बघा. तिथे सतत हालचाल हवी, नसेल तर प्रोसेसरच झोपलाय. सॉकेटच्या पिन २२ वर हालचाल नसेल आणि पिन स्थिर असेल, तर परत जे१ कडे या.

आता सोल्डरबद्दल, कारण बहुतेक दोष इथेच मुरलेले असतात. बोर्डाची भोकं कारखान्यातच सोल्डरने भरून आलेली असतात आणि वरून वार्निशचा पातळ थर असतो. त्या थरावरून सोल्डर धरत नाही, आधी तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा हलक्या हाताने खरवडून काढा. भोकं रिकामी करताना जुन्या सोल्डरवर थोडं नवीन शिसंमिश्रित सोल्डर वितळवा, मग पंपाने ओढा. जुनं एकटं ओढायला गेलं तर अर्धं आतच राहतं. अर्थाला जोडलेली भोकं सगळ्यात हट्टी. तिथलं तांबं रुंद असल्याने उष्णता पसरते आणि सोल्डर वितळत नाही. चिडून सोल्डरिंग आयर्न दाबून धरली की गोल कडी बोर्डावरून उचकटते. ३५० अंशांच्या आसपास तापमान, रुंद टोक आणि धीर, एवढंच औषध. कडी उचकटलीच तर त्या वाटेचं पुढचं टोक शोधून पातळ तारेने जोडा, वरून सोल्डरचा ढीग रचू नका.

पिन १४ चा डाग नीट बघा. तोच अर्थाचा, तोच हट्टी, तोच ड्राय राहतो. वरून चकाकतो पण आत पिनेला धरलेला नसतो. महिन्या-दोन महिन्यांनी दुखणं उगवतं ते अशा डागांमुळे.

लॅचच्या बाबतीत एक सापळा: दुकानात ७४एचसी३७३ नसली की ७४एचसी५७३ हातात ठेवतात, "तीच आहे" म्हणतात. काम तेच करते, पण पिनांची मांडणी पूर्ण वेगळी. या बोर्डावर ती चालणार नाही. आणि खाच बोर्डावरच्या खुणेच्या बाजूलाच हवी.

सॉकेटचाही विचार करा. प्रोग्रॅम वारंवार बदलायचा म्हणून काही जण दांडीवालं झिफ सॉकेट या सॉकेटवर चढवतात. त्याच्या जाड पिना खालच्या सॉकेटची पकड कायमची रुंद करतात. मग झिफ काढून चिप सरळ लावली की ती सैल बसते, खड्डा आला की दिवा. असं झालं असेल तर सॉकेट बदला, पिना वाकवून पकड आणायच्या फंदात पडू नका.

चिप

इथे तीन चुका पुन्हा पुन्हा होतात आणि तिन्हींमध्ये प्रोग्रॅमर (चिपवर फाइल लिहिणारं यंत्र) "सगळं ठीक" असंच सांगतो.

एक, चिपची जात. बोर्डावरची जागा २७सी२५६ साठी आखलेली आहे. २९सी२५६ तिथे सरळ बसते. २८सी२५६ बसत नाही. नाव जवळपास सारखं आणि पिनाही २८, पण तिच्यात पत्त्याची सर्वांत वरची तार पिन १ वर आणि लिहिण्याची पिन २७ वर असते. आपल्या बोर्डावर हे नेमकं उलटं आहे. प्रोग्रॅमरमध्ये ती छान लिहिली जाते, तपासणीही पास होते आणि गाडीत मात्र दिवा विझत नाही.

दोन, २७एसएफ५१२ मधली जागा. ही चिप स्वस्त, विजेने पुसता येणारी, म्हणून बहुतेकांची आवडती. तिची क्षमता ६४ किलोबाइट आणि आपला प्रोग्रॅम ३२ किलोबाइटचा, नेमके ३२,७६८ बाइट. तिची पिन १ ही पत्त्याची वाढीव तार आहे आणि बोर्डावर त्या पिनेला कायम ५ व्होल्ट मिळतात. म्हणजे ईसीयूला चिपचा फक्त वरचा अर्धा भाग दिसतो, हेक्साडेसिमलमध्ये ८००० ते एफएफएफएफ. प्रोग्रॅमर मात्र फाइल ०००० पासून भरतो. लिहिलं बरोबर, तपासलं बरोबर, पण ईसीयू वाचतो तो रिकामा भाग. फाइल भरताना बफरचा सुरुवातीचा पत्ता ८००० द्या. किंवा सरळ तीच फाइल दोन्ही अर्ध्यांत भरा, ०००० ला एकदा आणि ८००० ला एकदा. मग विसरायचा प्रश्नच उरत नाही. लिहिण्याआधी चिप पुसायला आणि ती रिकामी असल्याची खात्री करायला विसरू नका. ही चिप जुन्यावर नवीन लिहू देत नाही.

तीन, उलटी चिप. २८ पिनांची चिप उलट बसवली की पिन १४ पिन २८ च्या जागी येते, म्हणजे ५ व्होल्ट आणि अर्थ यांची अदलाबदल. चिप काही सेकंदांत बोट ठेवता येणार नाही इतकी तापते. अशी चिप नंतर सरळ बसवून चाललीच तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका. एका चिपचे पैसे वाचवायच्या नादात दुसऱ्या दिवशी टो करून घरी यावं लागेल. काचेची खिडकी असलेली जुनी २७सी२५६ वापरत असाल तर खिडकीवर अपारदर्शक चिकटपट्टी लावा.

प्रोग्रॅम

इथवर सगळं नीट आहे आणि तरी दिवा विझत नाही, तर कारखान्याचा मूळ पी२८ प्रोग्रॅम, काहीही न बदलता, चिपमध्ये भरा. पहिला प्रयोग खरं तर हाच करायला हवा होता. मूळ प्रोग्रॅमवर दिवा विझला की बोर्ड, लॅच, सॉकेट आणि चिप चारही निर्दोष ठरतात आणि दोष तुमच्या फाइलमध्ये आहे. मूळ प्रोग्रॅमवरही विझला नाही तर फाइल बदलणं थांबवा आणि वर परत जा.

फाइलमधला नेहमीचा दोष चेकसमचा. ईसीयू संपूर्ण प्रोग्रॅमची बेरीज करून ती जुळते का ते पाहतो. क्रोमसारख्या एडिटरमध्ये (होंडाच्या ईसीयूचे प्रोग्रॅम बदलायचं सॉफ्टवेअर) बदल केले तर याची काळजी एडिटर घेतो. हेक्स एडिटरने थेट एक आकडा बदलला की बेरीज बिघडते आणि ईसीयू दिवा लावून मोकळा होतो. फाइलचा आकारही बघा. ३२,७६८ च्या वर-खाली एक बाइट असेल तरी ती फाइल अर्धवट उतरलीय किंवा तिला नको ते शेपूट आहे.

दिवा लुकलुकतो तेव्हा

आता ईसीयू बोलतोय. चिप बसवल्यानंतर येणारे बरेच कोड दुसऱ्या गाडीचा प्रोग्रॅम उसना आणल्यामुळे येतात. इंजिन बिघडलेलं नसतं.

कोड २३ नॉक सेन्सरचा. पी२८ च्या बोर्डावर नॉकचं सर्किटच नाही. पी३० (होंडाचाच दुसरा ईसीयू) किंवा इंटेग्रा जीएसआरचा पी७२ प्रोग्रॅम आणून टाकला की तो नसलेला सेन्सर शोधत बसतो. एडिटरमध्ये नॉक सेन्सर बंद करा. पी७२ आणताना इनटेकच्या दुसऱ्या फळ्यांचं नियंत्रणही बंद करावं लागतं, डी१६झेड६ ला त्या नाहीत.

कोड २१ व्हीटेक सोलेनॉइडचा, २२ ऑइल प्रेशर स्विचचा. व्हीटेक नसलेल्या गाडीत पी२८ टाकला तर दोन्ही येणारच. व्हीटेकच्याच गाडीत २१ आला तर सोलेनॉइडचा रोध मोजा: १४ ते ३० ओहम हवा. ठीक असेल तर ए४ ची तार बघा. २२ आला तर आधी डिपस्टिक काढा, ऑइल कमी असलं तरी येतो. मग सोलेनॉइडखालची जाळी साफ करा.

४१ ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा, म्हणजे एक तारेचा जुना सेन्सर लावलाय. २० विजेच्या भाराच्या सेन्सरचा. १७ वेगाच्या सेन्सरचा, आणि तो हलक्यात घेऊ नका, कारण मूळ प्रोग्रॅम वेग कळल्याशिवाय व्हीटेक लावत नाही. ४, ८ आणि ९ एकत्र आले तर डिस्ट्रिब्युटरचा कपलर बघा, तिन्ही सेन्सर त्याच्याच पोटात आहेत.

१६ इंजेक्टरचा. मूळ इंजेक्टर २४० सीसी प्रति मिनिटाचे आणि जास्त रोधाचे, १० ते १३ ओहम. दोन-तीन ओहमचे कमी रोधाचे इंजेक्टर रेझिस्टर बॉक्सशिवाय लावले तर ईसीयूतले ड्रायव्हर ट्रान्झिस्टर जळतात. मग चिप कितीही चांगली असो, ते सिलिंडर मिसिंग मारणार. इंजेक्टर लावण्याआधी मीटरने मोजायला अर्धा मिनिट लागतो.

कोड पुसायला बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समधला ७.५ अँपिअरचा बॅकअप फ्यूज दहा सेकंद काढून ठेवा. रेडिओची सेटिंग्ज जातील, तेवढं चालवून घ्या.

कधी दिवा, कधी नाही

सगळ्यात त्रासदायक प्रकार. थंड असताना ठीक, वीस मिनिटांनी दिवा, बंद करून चालू केलं की परत ठीक. ईसीयूचं झाकण काढून तो गाडीतच जोडलेला ठेवा, खाली कोरडा कागद किंवा लाकूड ठेवा, कारण बोर्ड पत्र्याला टेकला तर नवं संकट. इंजिन आयडलिंगवर ठेवून प्लॅस्टिकच्या पेनने सॉकेट, लॅच, जे१ आणि कपलरच्या पिनांजवळ हलके टकटक करा. काही झालं नाही तर हेअर ड्रायरने एकेक भाग तापवा. इंजिन अडखळलं की थांबा, तोच भाग. मग तिथले डाग नव्याने द्या. टकटकीला दाद मिळाली नाही तर कपलरच्या तारा एकेक करून हलवा.

याच वेळी बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांच्या बुडाशी नजर टाका. तीसेक वर्षांचा माल आहे. तपकिरी डाग, हिरवट झालेलं तांबं किंवा मासळीसारखा वास आला तर ते पाझरले आहेत. त्याच क्षमतेचे, तितक्याच किंवा जास्त व्होल्टेजचे, १०५ अंशांचे नवीन लावा. ध्रुवता जुने काढण्याआधी फोटोत धरून ठेवा. खाली सांडलेलं अल्कोहोलने धुवा, नाहीतर ते वाटा खात राहतं.

दिवा विझला, पण गाडी हवी तशी नाही

प्रोग्रॅममधला इग्निशनचा तक्ता डिस्ट्रिब्युटर योग्य जागी आहे असं गृहीत धरतो. इंजिन गरम करा, सर्व्हिस कनेक्टर तारेने जोडा म्हणजे ईसीयू टायमिंग स्थिर धरेल, आणि टायमिंग लाइटने बघा: १६ अंश, दोन इकडे-तिकडे. डिस्ट्रिब्युटर आधी कुणी "पिकअप वाढवायला" फिरवला असेल तर तक्त्यातला प्रत्येक आकडा तेवढाच चुकतो, आणि इथली चूक पिस्टनला महाग पडते. झाल्यावर तार काढा.

इंजेक्टरचा आकार प्रोग्रॅममध्ये आणि गाडीत एकच हवा. फाइल ४५० सीसीसाठी आणि गाडीत २४० सीसीचे असतील, तर इंजिनला लागेल त्याच्या जेमतेम निम्मं पेट्रोल मिळतं. वाइडबँड मीटरवर हवा-पेट्रोलचं मिश्रण पाहिल्याशिवाय अशी गाडी पूर्ण रेसवर नेऊ नका.

सेन्सरांची दोन मोजमापं फाइल बदलण्याआधी: थ्रॉटल बंद असताना डी११ वर सुमारे ०.५ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर सुमारे ४.५. मॅप सेन्सरचं डी१७ वर, इंजिन बंद पण चावी ऑन असताना, समुद्रसपाटीला पावणेतीन ते तीन व्होल्ट आणि गरम आयडलिंगवर साधारण एक. आयडलिंगला आकडा दीडच्या पुढे राहत असेल तर हवा कुठूनतरी चोरटी आत येतेय किंवा व्हॉल्व्हचं टायमिंग एक दात सरकलंय. आयडलिंगचा चढउतारही बहुधा याच चोरट्या हवेचा, नाहीतर कूलंटमध्ये अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याचा असतो.

व्हीटेक लागत नसेल आणि कोडही नसेल, तर इंजिन ६० अंशांवर गेलंय का, गाडी खरोखर धावतेय का, आणि पुरेसा भार आहे का ते बघा. उभ्या गाडीत न्यूट्रलवर रेस मारून मूळ प्रोग्रॅममध्ये व्हीटेक लागत नाही, ती बनावटच तशी आहे.